गाळलेल्या दोन ओळी

दोरा ओवण्याआधी ती तो कानाजवळ नेऊन ताणायची. आवाज पसंत पडला नाही तर फेकून द्यायची. कागद मोजताना तिचे ओठ हलत नसत, पायाचा अंगठा हलायचा. चहा उभ्यानेच. मशीन अडलं की त्याची समजूत काढायची, माणूस अडला की गप्प बसायची. जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबून खिडकीतून खाली बघायची. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली लावलेल्या असायच्या. जाड पुस्तकाला दोरा नेहमी दुहेरी. मालक म्हणाले एकेरीत भागेल, तरी दुहेरी.

छापखान्याच्या बांधणी विभागात ती चौदा वर्षं होती. मी वरच्या मजल्यावर मुद्रितं तपासायचे. साहित्याची पदवी घेऊन नुकतीच लागले होते. ती मला शास्त्रीणबाई म्हणायची, मी तिला ताई. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. पुस्तकं आपल्याला फक्त बाहेरून ठाऊक, असं ती म्हणायची. मग मी आतलं सांगायचे. कादंबरीचा शेवट ती आधी विचारून घ्यायची. बाई मरत असेल तर दुसरी सांग म्हणायची.

धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात ताईचं हृदय थकलं होतं. तिसरं मूल जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सरळ शब्दांत बजावलं होतं. गोळ्या तिला चालत नव्हत्या. तांबी बसवली तर अंगावरून इतकं जाऊ लागलं की काढावी लागली. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नसबंदी करून घ्यायची ठरलं होतं. पण वखारीत दिवसभर करवतीवर उभा राहणारा हा माणूस इंजेक्शनच्या सुईला घाबरायचा. पुढच्या महिन्यात नक्की, असं दोन वर्षं चाललं होतं. तोवर कंडोम.

हे सगळं मला माहीत होतं. डबा खाताना तिनेच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी आरोग्य केंद्राचं माहितीपत्रक छापायला आलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहिलेलं. नुसता कंडोम वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षभरात साधारण तेरा जणींना दिवस जातात, कारण माणसं चुकतात, कधी विसरतात. नुसती गोळी घेणाऱ्या शंभरांत सात. दोन्ही एकत्र वापरली तर शंभरांत जेमतेम एक. कारण तेव्हा दोन्ही एकाच वेळी फसावी लागतात.

मजकूर तीन घड्यांच्या कागदात बसेना. दोन ओळी बाहेर जात होत्या. काय गाळता येईल ते मी शोधू लागले. एक वाक्य सापडलं: दोन पद्धती म्हणजे दोन वेगळ्या पद्धती; एकावर एक दोन कंडोम चढवू नयेत, घासून फाटू शकतात. असं कोण करेल, असं मला वाटलं. शिवाय वाक्य अडखळत होतं. मी ते काढलं. त्याच्या वर मी स्वतः घातलेलं एक वाक्य होतं: एक भिंत ढासळली तरी दुसरी उभी असते. ते ठेवलं. डॉक्टरीणबाईंची सही आधीच्या मुद्रितावर होती. हा बदल मी त्यांना दाखवला नाही.

दोन हजार पत्रकं खाली घडी घालायला गेली. बांधणीतल्या बायकांना दिवसभर विषय मिळाला. एक म्हणाली, हा कागद नवऱ्याच्या उशाला ठेवते. दुसरी म्हणाली, त्याला वाचता कुठे येतं, चित्रं काढायला सांग शास्त्रीणबाईंना. ताई हसत होती. संध्याकाळी तिने एक पत्रक पर्समध्ये टाकलं. तू लिहिलंयस म्हणजे नीटच असणार, म्हणाली. मी भिंतीचं वाक्य तिला वाचून दाखवलं. तिला ते फार आवडलं.

पुढे सात-आठ महिन्यांनी ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबू लागली. पाय सुजायचे. पाळी चुकली होती, पण अशक्तपणाने चुकली असेल असं तिने धरलं. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं, तिच्या हिशेबाने. तपासायला गेली तेव्हा पाचवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, आता काढणंही धोक्याचं आणि ठेवणंही. तिला लगेच दाखल करून घेतलं.

मी भेटायला गेले तर भाऊजी वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेले. आत का नाही, विचारलं. ती बोलत नाही माझ्याशी, म्हणाले.

आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून पाठीशी तीन उशा लावून बसवलं होतं. तिने मला जवळ ओढलं. "त्यानेच कुठेतरी कामचुकारपणा केला," ती म्हणाली. "नाहीतर कसं होईल गं? तुझ्या कागदात होतं तसंच करत होतो आम्ही. एक नाही, दोन-दोन. एकावर एक. माझ्या दुहेरी दोऱ्यासारखं."

मी पाण्याचा पेला भरला. तिला दिला. वेळ संपली म्हणून नर्स आली आणि मी निघाले. भाऊजी तिथेच होते. त्यांच्यासमोरून मी खाली मान घालून गेले.

तीन दिवस मी गेले नाही. कामावर होते. त्या तीन दिवसांत एका कवितासंग्रहाची मुद्रितं तपासली, त्यात एक चूक राहू दिली नाही. त्याची आता लाज वाटते. आणि ते तीन दिवस भाऊजी बाहेरच बसून होते.

चौथ्या दिवशी सांगितलं. सगळं. जागा पुरत नव्हती, वाक्य आवडलं नव्हतं, विचारलं नव्हतं. ताई ऐकत होती. पायाचा अंगठा हलत होता.

"किती ओळी होत्या?"

"दोन."

"आणि भिंतीची किती?"

"एक."

मग म्हणाली, "माझ्या पाया पडू नकोस, रडू नकोस. आधी बाहेर जाऊन त्याला सांग."

मी भाऊजींना सांगितलं. हे सांगणं जास्त जड गेलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. "म्हणजे मी नव्हतो," एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणाले. मग थोडं थांबून, "सुई टोचून घेतली असती तर हा प्रश्नच नव्हता." आणि आत गेले. पडद्याच्या फटीतून दिसलं, तिने पाय आखडून त्यांना पलंगावर बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी तिने मला कामाला लावलं. किती पत्रकं वाटली गेली? बाराशे. ती आता कुणाकुणाच्या घरात असतील, मला माहीत नाही. उरलेली आठशे केंद्रात पडून होती. ती आणायला सांगितली. मी डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिले, कबूल केलं. त्यांनी चष्मा काढला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. पत्रकं मात्र दिली. मालकांना सांगून गाळलेल्या दोन ओळी चिठ्ठ्यांवर छापून घेतल्या.

ताईने खळीचा डबा मागवला. डॉक्टर रागावले. ती म्हणाली, बसूनच राहायचं आहे ना, मग हात कशाला रिकामे. मी चिठ्ठ्या कापून द्यायचे, ती चिकटवायची. एखादी तिरकी लागली तर उपटून पुन्हा लावायची. चिठ्ठी भिंतीच्या वाक्यावरच बसत होती. ते झाकलं जातंय, मी म्हटलं. "जाऊ दे," ती म्हणाली. "सुंदर होतं, पण जाऊ दे." मला माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रोज पन्नासेक व्हायच्या. श्वास जास्त लागला की कमी. सहाव्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा पलंगावर स्वच्छ चादर घातली होती. बाळही वाचलं नव्हतं. भाऊजी खिडकीशी होते. लहान टेबलावर तिने लावलेली पत्रकं वजनाखाली दाबून ठेवली होती, दोनशे त्रेसष्ट. पलीकडे पाचशे सदतीस, चिठ्ठीविना.