भारा डोक्यावर घेऊन मोजलेली वाट

श्री. यासीन मुलाणी साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भोरच्या एसटी स्टँडवर एका बाकावर उभे होते. चपला बाकाखाली नीट ठेवलेल्या, हातात वही, आणि भिंतीवर उंच लावलेलं वेळापत्रक ते उतरवून घेत होते. माझ्या हातात अनुरेखक म्हणून नेमणुकीचा कागद होता. मी त्यांना नियोजन कार्यालयाचा पत्ता विचारला. त्यांनी वरूनच विचारलं, "कुठून आलात?" मी सासवडहून आल्याचं सांगितलं. "गाडी किती उशिरा सुटली? बसायला मिळालं का?" मी म्हणाले, कापूरहोळपर्यंत उभी होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मग पत्ता सांगितला आणि म्हणाले, "सावकाश जा. साहेब अजून आलेले नाहीत." अर्ध्या तासाने कार्यालयातल्या खुर्चीवर येऊन बसले ते हेच गृहस्थ.

आमच्या कार्यालयाचं काम म्हणजे भोर आणि वेल्हे तालुक्यांचा आराखडा. रस्ता कुठून न्यायचा, एसटी कुठे थांबवायची, दवाखाना कोणत्या गावात, नवीन घरं कोणत्या जागेवर, हे आधी तिथे कागदावर ठरायचं. सर्वेक्षक गावोगाव फिरून माहिती आणत आणि मी ती ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवत असे. त्या सर्वेक्षकांमध्ये श्री. दिनकर सुतार होते. वर्षभराने आमचं लग्न झालं.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने लेख मागितला होता तो यजमानांकडे. मागच्या वर्षी आजारपणात त्यांचं निधन झालं. त्यांच्या वहीत या लेखाची एकच ओळ लिहिलेली आहे. ती तिच्या जागी सांगेन. मला लेख लिहिण्याची सवय नाही, पण त्यांचं राहिलेलं काम म्हणून हा लिहिते आहे.

साहेबांचे वडील भोरला शिंपीकाम करत. साहेब सांगतात की खुंटीवरचा जुना सदरा दाखवून कोणी "याच मापाचा शिवा" म्हणालं, तर वडील कापडाला हात लावत नसत. माणूस समोर उभा राहिला पाहिजे, मग टेप. आराखड्याच्या कामात साहेबांनी हीच रीत चालवली. एकदा वरून एक नकाशा आला. त्यात एका गावाच्या दवाखान्याभोवती कंपासने वर्तुळ काढलेलं होतं आणि आतली सगळी गावं 'जवळची' म्हणून रंगवलेली होती. त्यातली दोन भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडे होती. साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे वर्तुळ पोहणाऱ्यांसाठी आहे का?"

'लाभार्थी' हा शब्द त्यांना चालत नसे. यादीत तो दिसला की लाल पेन्सिलीने खोडून ते घरातल्या कर्त्या माणसाचं नाव विचारत. नाव माहीत नसेल तर यादी परत जायची. आम्ही आपसांत कुरकुर करत असू. पण पुढे कोणत्याही गावात गेलं की माणसं आम्हाला घरात बोलावत, कारण आम्ही त्यांना नावाने ओळखत होतो.

आता उंबरवाडीबद्दल. विंझरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला ही एकवीस घरांची वाडी होती. एका पावसाळ्यात वाडीच्या माथ्यावरच्या डोंगराला मोठी भेग पडली आणि घरं हलवायचं ठरलं. खाली रस्त्यालगत, फाट्यावर, सपाट जागा मिळाली. एसटी दारात, शाळा जवळ. लोकांची शेती आणि गुरं वरच राहणार होती, पण सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये वाडी ते फाटा चालण्याचा वेळ 'वीस मिनिटं' असा होता. वीस मिनिटं म्हणजे काही नाही. सभेत एकवीसही घरांनी "व्हय" म्हटलं. मी नकाशा काढला, साहेबांनी सही केली आणि कागद वर गेले.

त्यानंतर जागेची आखणी करायला आम्ही तिघे उंबरवाडीला गेलो. साहेब, आखणीच्या चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन यजमान, आणि नकाशाची गुंडाळी घेऊन मी. हौसाबाई म्हणून वाडीतल्या एक खटपट्या बाई होत्या. त्यांच्या अंगणात चहा झाला. साहेबांनी सहज विचारलं, "मावशी, नवीन घरापाशी गोठा कुठल्या बाजूला बांधणार?"

"गोठा वरच ऱ्हाईल की. खाली जागा कुठं हाय?"

"मग धारा काढायला रोज वर येणार?"

"रोज दोन डाव."

"वीस मिनिटांची तर वाट आहे."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना. "साहेब, कुणाच्या पायानं मोजली वो? उतरताना मोजली का चढताना? आन् डोक्यावर काय व्हतं?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "मग सभेत व्हय का म्हणालात?"

"तुमी पावणं. हितवर येऊन यवढं गोड बोलताय, तुमाला न्हाई कसं म्हनायचं? आमी म्हनलं, बगू, पाय हायेत तवर चढू."

यजमान मान खाली घालून पिशवीचं तोंड बांधत बसले होते. मला वाटलं, उन्हाने दमले असतील.

साहेबांनी आखणी थांबवली. म्हणाले, "उद्या सकाळी येतो. माझ्यासाठी एक भारा बांधून ठेवा. तुम्ही नेता तेवढाच."

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी एसटीने फाट्यावर पोचलो. यजमान आदल्या रात्री विंझरलाच राहिले होते, ते आधीच तिथे होते. त्यांच्या सदऱ्याला कुसळं लागलेली दिसली. भारा बांधायला मदत केली असेल, असं मी धरून चालले. ओढ्याकाठच्या ओल्या गवताचा भारा साहेबांच्या डोक्यावर चढला. घड्याळ माझ्या हातात होतं. हौसाबाई स्वतःचा भारा घेऊन पुढे, मागून साहेब.

पहिल्याच वळणावर हौसाबाई मागे वळून म्हणाल्या, "मान ताठ ठिवा. नव्या नवरीवानी खाली नगा बघू." दुसऱ्या वळणावर साहेब भारा टाकून दगडावर बसले. धाप लागली होती तरी विचारायचं सुटलं नाही. "मावशी, तुम्ही मध्ये थांबत नाही का?"

"थांबलं तर परत उचलून कोन देनार, तुमचा नकाशा?"

वाडीतल्या बाया बांधावर गोळा झाल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "अगं, हौशीनं साहेबाला कामाला लावलं." साहेबही हसले, पुन्हा भारा घेतला आणि वर पोचले. एक तास दहा मिनिटं. हौसाबाईंना पन्नास मिनिटं लागली होती. साहेबांनी तिथेच बसून फॉर्मवर पट्टीने तीन रकाने आखले. उतरताना, चढताना, ओझ्यासह. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक फॉर्मवर ते तीन रकाने आले.

पण सही होऊन गेलेला कागद परत मागवायचा म्हणजे काय, ते सरकारी कामात राहिलेल्यांना सांगायला नको. साहेबांनी वरच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "फॉर्ममध्ये एकच रकाना होता. फॉर्म मी केलेला आहे. चूक माझी." जुन्या घरांच्या माथ्यावर भेग होतीच, त्यामुळे पावसाळ्यात माणसांना शाळेच्या खोल्यांत ठेवावं लागलं, आणि त्याची बोलणीही साहेबांनीच खाल्ली. त्या वर्षी त्यांच्या बढतीचा कागद मागे राहिला. वाडीच्या थोडं खाली गायरानात एक पठार होतं. भूगर्भाच्या जाणकारांनी ते सुरक्षित असल्याचं सांगितल्यावर तिथे एकवीस घरं झाली. प्रत्येक घराला लागून गोठा. फाट्यापासून पठारापर्यंत वळणाचा रस्ता झाला आणि एसटीची सकाळची आणि संध्याकाळची गाडी वर येऊ लागली. पहिल्या गाडीत हौसाबाई चढल्या, फाट्यापर्यंत गेल्या आणि त्याच गाडीने परत आल्या. काम काही नव्हतं. म्हणाल्या, "बसून कसं वाटतंय, बघून आले."

आता यजमानांच्या वहीतली ओळ. ती अशी आहे: "मी वर चढलो नव्हतो."

मी ती वाचली तेव्हा ते अंथरुणावर होते. मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. उंबरवाडीचं सर्वेक्षण त्यांचं होतं. ते डोंगरापलीकडच्या गावातून माथ्यावरून वाडीत आले आणि तिथून रस्त्यापर्यंत उतरले. उतरायला वीस मिनिटं लागली, तीच लिहिली. वाट दोन्ही बाजूंनी चालून जास्तीचा वेळ लिहायचा, हा साहेबांचा नियम होता. एसटी चुकेल म्हणून ते परत चढले नाहीत. हौसाबाईंच्या अंगणातून परतताना, मी पुढे चालत होते तेव्हा, त्यांनी हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता हे कोणाला सांगायचं नाही. तुमची नोकरी नवीन आहे, माझी जुनी आहे." साहेबांनी ते खरोखर कोणालाच सांगितलं नाही. इतकी वर्षं मी त्याच कार्यालयात होते, मलाही नाही. यजमान म्हणाले, "ग्रंथ निघेल तेव्हा मी लिहीन. सगळ्यांना कळलं पाहिजे." मग लिहिणं झालं नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी साहेब घरी आले. सोबत त्यांच्या पत्नीने, भाभींनी, दिलेला डबा होता. निघताना त्यांनी जुन्या नकाशांची गुंडाळी टेबलावर ठेवली. "कडा फाटल्यात. पुन्हा उतरवून द्याल का? घाई नाही." निवृत्तीनंतर ते भोरला आपल्या पुढच्या खोलीत ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्यांना नकाशा वाचायला शिकवतात, त्यासाठी हवे होते. त्या नकाशांवर खाली कोपऱ्यात 'सर्वेक्षण: दि. सुतार' असं माझ्याच अक्षरात आहे. रोज दोन तास मी ते काम करते. माझे दिवस त्याने सरळ झाले, एवढंच लिहिते.

हा लेख पाठवण्याआधी साहेबांना विचारणं मला योग्य वाटलं. त्यांनी ज्याबद्दल तोंड बंद ठेवलं, ते मी छापायला देणार होते. मी भोरला गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. अनुस्वाराच्या दोन चुका दाखवल्या. मग म्हणाले, "वहिनी, हे अर्धंच आहे."

मी म्हणाले, "यांनी एवढंच सांगितलं होतं."

"ते कसं सांगतील? आपण दुसऱ्या दिवशी फाट्यावर पोचलो, त्याच्या आधी दिनकरराव एकटे भारा घेऊन वर जाऊन आले होते. अंधार होता तेव्हाच निघाले होते. मला हौसाबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, तुमचा मानूस मला म्हनला, बाई, मला आदी मोजू द्या, मग साहेब." साहेबांनी कागद माझ्याकडे दिले. "चढलो नव्हतो हे लिहिलंत, तर चढले हेही लिहा. त्यांना एक तास पाच मिनिटं लागली. माझ्यापेक्षा पाच मिनिटं कमी."

सदऱ्याची ती कुसळं मी त्या संध्याकाळी स्वतः काढली होती. म्हणून हेही लिहिलं आहे.

परतीच्या आधी मी एसटीने उंबरवाडीला जाऊन आले. हौसाबाई आता काठीने चालतात. साहेबांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत हे सांगितलं. म्हणाल्या, "तरणेच हायेत की. म्हनावं, येत ऱ्हावा. भारा बांधून ठिवते, ल्हान बांधते." निरोप मी पोचवला आहे. साहेब येतो म्हणाले.

श्री. मुलाणी साहेबांचे गुडघे शाबूत राहोत, भाभींची सोबत राहो, आणि उंबरवाडीची वाट त्यांना अजून पुष्कळ वर्षं चढता येवो. घड्याळ धरायला मी आहे.