सुंदरीआक्कांची जिवाणी

कुंडलमध्ये आमच्या घरासमोर सुंदरीआक्का राहतात. एकट्याच. त्यांच्याइतक्या निगुतीनं पाणी गाळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दारातल्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग गाळलेल्या पाण्यानंच ते फडकं उलटं करून धुवायचं आणि ते धुवण परत त्याच विहिरीत हळूच सोडायचं. त्याला त्या जिवाणी म्हणतात. ज्या विहिरीचे जीव, ते त्याच विहिरीत गेले पाहिजेत. "आक्का, त्यास्नी आधार कार्ड बी काढून द्या," असं मी चिडवायचो. तेव्हा त्या हसायच्या.

नातू अतिशय तान्हा होता तेव्हा पुण्याहून आला. सून प्रियदर्शनी तापानं फणफणलेली, म्हणून पोराला डब्यातली दूधपावडर पाण्यात कालवून पाजायचं ठरलं. आक्कांनी पाणी गाळलं आणि बाळासाठी म्हणून निम्मं आटेपर्यंत उकळलं. दोनेक दिवसांत पोराचे ओठ निळे पडले. सांगलीच्या डॉक्टरांनी वाचवलं. ते म्हणाले, रानात ओतलेला युरिया झिरपतो आणि विहिरीत नायट्रेट वाढतं. तान्ह्या पोराला ते बाधतं. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं दाटच होतं. युरिया अख्ख्या गावानं ओतला आणि पाप एकट्या आक्कांच्या पदरात पडलं. मला याचा आजही राग येतो.

मग पुण्याहून फोन तेवढे येत राहिले. "पाण्याचं काहीतरी होऊ दे, मग आणतो त्याला," मुलगा भरतेश म्हणायचा. गल्लीतल्या बायकाही दुसरीकडून पाणी आणू लागल्या. आक्का जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण उरकून कट्ट्यावर बसायच्या. मी काही विचारलं तरी "व्हय" एवढंच म्हणायच्या.

गेल्या वर्षी सांगलीच्या एका कॉलेजातल्या शिवांजली मॅडम प्रयोगासाठी असली विहीर शोधत आल्या. टाकीत धातूच्या पट्ट्या, वर सोलर. विजेच्या जोरावर पाण्यातल्या नायट्रेटचा अमोनिया करायचा, तो वेगळा काढून त्याचं खत रानाला घालायचं आणि साफ झालेलं पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं. म्हणजे रानातलं रानात. आक्कांनी एकच अट घातली.

"करंट लावायच्या आधी पाणी मी गाळून देणार. न्हाईतर जीव मरत्यात."

मॅडमनी मान डोलावली. आक्का रोज टाकीभर पाणी गाळत बसायच्या. खताचा कॅन माझ्या द्राक्षबागेला मिळायचा, त्यामुळे मीही चिडवणं सोडलं. पट्ट्या दोनदा बदलाव्या लागल्या. शेवटी मॅडम तपासणी करून म्हणाल्या, "आक्का, आता हे तान्ह्या बाळालाही चालेल."

त्याच दिवशी आक्कांनी फोन लावला. रविवारी सगळे आले. पोर आता चार वर्षांचं, दारातूनच ओरडलं, "आजी, पाणी!"

"आई, मी मुद्दाम बाटली आणली नाही," सून म्हणाली. "तुमच्याच हातचं पिऊ दे त्याला."

आक्कांनी टाकीतल्या पाण्याचा तांब्या भरला. पोरानं दोन्ही हात पुढं केले. आक्का त्याच्या ओठांकडं बघत राहिल्या. मग तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि भर उन्हात स्टँडवरच्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन आल्या.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो आई, तपासणी चांगली आलीय की."

"मशीनवर भरवसा हाय गं माझा. माझ्या हातावर न्हाई."

सवयीनं त्यांनी बाटलीतलं पाणीही गाळलं आणि पोराला दिलं. ते घटाघटा प्यालं. फडक्याचं धुवण वाटीत घेऊन आक्का विहिरीपाशी आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी फाटकातून विचारलं, काय झालं?

"ह्यातलं जीव कुठल्या विहिरीचं रं? कुठं सोडू ह्यास्नी?"