वाक्यातली दुरुस्ती

लीड्सहून ऑफिसच्या कामासाठी मी शांघायला गेलो होतो. रविवारी तिथली एक जुनी बाग बघायला गेलो, तर तळ्याकाठच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ वहीतली इंग्रजी वाक्यं पुटपुटत बसले होते. प्रत्येक शब्दाला गुडघ्यावर बोट आपटायचे. मी इंग्लंडहून आलोय म्हटल्यावर त्यांनी वही पुढे केली. त्यांची नात मँचेस्टरला वाढलेली, तिला चिनी येत नव्हतं. तिच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून ते सत्तरीत इंग्रजी शिकत होते.

"हे बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं. लिहिलं होतं, 'आजी तुझी वाट बघते आहे.'

"अगदी बरोबर. आजी बऱ्या आहेत ना?"

"गेल्या महिन्यात गेली."

मी चाचरत म्हणालो, "तर मग 'वाट बघत होती' असं हवं."

"आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द चालतो," ते म्हणाले.

मग त्यांनी जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. 'होती'ला त्यांनी गुडघ्यावर बोट आपटलं नाही.

नातीला 'बघते आहे' सुद्धा कळलं असतं, हे मला लीड्सला परतल्यावर सुचलं.