तेलाचा काटा खाली बसला तेव्हा

आठवीत शाळा सोडून मी बीडहून रत्नागिरीला आलो, मच्छीमार होड्यांच्या इंजिनांच्या कामाला. एकदा इंजिन आतून साफ करायचं औषध मीच घातलं, तेल बदललं, आणि इंजिन गरम होताच तेलाच्या दाबाचा काटा खाली बसला. आता मला घरी पाठवणार, या धास्तीनं मी इंजिन बंद करून, ज्यांच्या हाताखाली शिकत होतो त्या मिस्त्रीचाचांना हाक मारली.

काटाच बिघडला नाही ना, हे बघायला त्यांनी दाब मोजायचं दुसरं गेज लावून इंजिन क्षणभर चालवलं. काटा तिथंच. "औषधानं जुनी घाण सुटली. खालची जाळी बुजली असणार," ते म्हणाले.

इंजिनाखालचं तेल साठायचं चेंबर उघडलं. तेल ओढणारी जाळी काळ्या गाळानं लिंपलेली! न उघडता यांना दिसलं कसं?

जाळी धुऊन इंजिन सुरू केल्यावर काटा सरसर वर चढला.

"लगेच बंद केलंस म्हणून इंजिन वाचलं रे. उद्या लवकर ये."