दोन खांबांमधलं अंतर

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. उभा जन्म शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून गेला. गळ्यातली शिट्टी उतरली, आवाज काही उतरला नाही. निवृत्तीनंतरही मी पिपरी मेघेहून वर्ध्यात सायकलनंच जाते, आणि कोणी रस्त्यात आडवी गाडी लावली तर उतरून बोलते. त्यामुळे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी सल्लागार समिती नेमायची ठरली, तेव्हा कोणीतरी माझं नाव सुचवलं. सुचवणाऱ्याला पुढं पश्चात्ताप झाला असावा.

पहिल्या सभेला आम्ही सात जण होतो. सहा जण गाडीनं आले, मी सायकलनं. मी सरळ विचारलं, "यावर्षी मोठा रस्ता पायी कोणी कोणी ओलांडला?" सगळे पंख्याकडं पाहायला लागले. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अधिकारी, पोट सुटलेले, पण स्वभावानं गरीब माणूस. ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टरनं मले रोज चालाले सांगतलं हाय. पन चालाले जागा कुठं हाय?"

"मग तेच तर करायला बसलोय आपण!" मी म्हटलं. त्या दिवसापासून समिती कोण चालवणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरली नाही.

आमच्याकडच्या मोठ्या रस्त्याला मध्ये डिव्हायडर आहे. लोकांनी तो एका जागी फोडून वाट केली होती. त्याला सगळे 'कट' म्हणत. त्या कटमधून पायी माणसं जायची, शाळेच्या मुली सायकली रेटत जायच्या आणि मोटारसायकलवाले तर असे घुसायचे की बघवत नसे. माझं म्हणणं साधं होतं. हा कट बुजवा आणि शाळेच्या फाटकासमोर पांढऱ्या पट्ट्यांचं चांगलं क्रॉसिंग करा. समितीतला तरुण इंजिनिअर म्हणाला, "आधी मोजणी करावी लागेल, मॅडम." मी म्हटलं, करू की!

मोजणीच्या कागदावर चार रकाने होते: पायी, सायकल, मोटारसायकल आणि इतर. प्रत्येक अर्ध्या तासाला एक चौकट. कटच्या बाजूलाच, कडुलिंबाखाली, माझ्या सायकलवाल्याचं दुकान आहे. पंक्चर काढणं, वाकड्या झालेल्या चाकाचा आउट काढणं, ब्रेक आवळणं असली कामं करतो. माझी सायकल त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी कधी उघडली नाही. त्यानंच मला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या सावलीत बसून रेघा ओढल्या. 'इतर'मध्ये काय काय आलं म्हणता! केळ्यांची हातगाडी, कापसानं भरलेली बैलांची बंडी, एकदा तर नवरदेवाची घोडी. एक माणूस माझ्या नजरेतून सुटला नाही, असं मी सभेत छातीठोक सांगितलं.

क्रॉसिंग मंजूर झालं. आता त्यातून मोटारसायकली घुसू नयेत म्हणून मधल्या जागेत लोखंडी खांब रोवायचं ठरलं. इंजिनिअरनं विचारलं, "दोन खांबांत अंतर किती ठेवायचं?" मी माझी सायकलच तिथं नेली, हँडल मध्ये धरलं आणि म्हटलं, "एवढं. एक बोट जास्त नको." त्यानं तेवढंच ठेवलं. पोरगा गुणाचा होता, ऐकायचा.

नारळ फुटला, कट बुजला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुली ओळीनं सायकली घेऊन खांबांमधून गेल्या आणि एक मोटारसायकलवाला तिथं येऊन, खांबांकडं पाहून, शिव्या घालत परत फिरला. काय आनंद झाला मला! रस्त्याच्या कडेला उभी राहून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पंधरा-वीस दिवसांनी माझं मागचं चाक बसलं. सायकल ढकलत दुकानाशी गेले तर शटर खाली. दुसऱ्या दिवशी गेले, तरी खाली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. असा कसा हा माणूस, गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत आहे की नाही! त्याचं घर रस्त्याच्या पलीकडं, समोरच्या वस्तीत. मी तणतणत गेले.

तो दारात बाजेवर बसला होता. लहानपणी पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले. हातानं चालवायची तीनचाकी सायकल आहे त्याची, स्वतःच दुरुस्त करून करून नवी ठेवलेली. ती भिंतीशी उभी होती आणि वर चादर टाकली होती.

"काऊन हो, दुकान काऊन बंद?" मी विचारलं. "तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय झालं, मॅडम? मस्त हाय."

त्याच्या बायकोनं चहाचा कप माझ्यापुढं जरा जोरातच ठेवला. "ते खांब तुमीच लावले नं?" ती म्हणाली.

मला अजूनही उजेड पडला नाही. भैताडासारखी मी म्हटलं, "हो, मीच! चांगले झालेत नं?"

"चांगलेच झाले," तो म्हणाला. "मानूस जाते, सायकल जाते. माही गाडी नाई जात. चार बोटं कमी पडते."

कप मी तसाच ठेवला. कट बुजला, म्हणजे त्याची रोजची वाट बुजली. नव्या वाटेवर खांब. उरला तो पुढचा चौक, तिथपर्यंत उलट्या बाजूनं, ट्रकांच्या तोंडावर, हातानं पायडल मारत जायचं. तसा तो एकदा गेला होता. परत आल्यावर बायकोनं तीनचाकीवर चादर टाकली ती टाकलीच.

"कोणी उचलून पलीकडं ठेवलं असतं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"एक रोज ठेवलं असतं, मॅडम. रोज रोज कोनाच्या खांद्यावर जाऊ?" तो म्हणाला. "भाऊ हाय अल्लीपूरले. तो म्हनते, इकडंच ये, घरी बसून खाय. दसऱ्याच्या आंधी दुकान खाली करून देतो म्हनलं मालकाले."

झालं, माझा भडका उडाला. "अहो, मग मला फोन का नाही केला? तोंड नव्हतं का तुम्हाला?"

तो शांतपणे म्हणाला, "तुमी तं माह्या दुकानातच बसून मोजत होत्या. मी रोज तुमच्या समोरूनच येऊन राह्यलो होतो. मले वाटलं, मॅडमनं पायलं अशीन."

तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर मुलामुलींना रांगेत उभं करून मोजलेली बाई मी, आणि रोज समोरून जाणारा हा एक माणूस मी मोजला नाही! मी उठले. बायको म्हणाली, "चहा तं घ्या." मी म्हटलं, "खांब निघाल्यावर येईन प्यायला."

दसरा तोंडावर आला होता आणि समितीची सभा होती दिवाळीनंतर. इंजिनिअर म्हणाला, "ठराव लागेल, मॅडम. आणि खांब काढला तर मोटारसायकली घुसतील." अध्यक्षांनी फोनवर आठवण करून दिली, "तुमीच म्हनलं होतं नं, एक बोट जास्त नको?"

"मीच म्हटलं होतं. चुकलं माझं! लिहून देऊ का?" मी ओरडले. "उद्या सकाळी आठला सगळे क्रॉसिंगवर या. गाडी घरी ठेवून या."

आले बिचारे. तीनचाकीवरून उतरून सायकलवाला रस्त्याकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि मी अध्यक्षांना म्हटलं, "बसा. पलीकडं जाऊन दाखवा." आधी ते हसले. मी हसत नाही म्हटल्यावर बसले. हातानं पायडल मारत, लटपटत मध्यापर्यंत गेले आणि खांबात अडकले. पुढं जाता येईना, मागं सरता येईना, दोन्हीकडून हॉर्न. मुली सायकली धरून थांबल्या. साहेबांना दरदरून घाम फुटला.

"काढा बाप्पा मले इथून!"

"साह्येब, हँडल मांगं फिरवा, मांगं!" सायकलवाला खुर्चीतून ओरडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

सुटल्यावर अध्यक्ष कडेला येऊन कितीतरी वेळ दम खात उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत कायले थांबाचं? आना कागद." ठरावावर सात सह्या तिथंच, तीनचाकीच्या सीटवर कागद ठेवून झाल्या. चार दिवसांत मधला एक खांब निघाला. चहा मी त्याच संध्याकाळी जाऊन प्याले, दोन कप.

मोटारसायकली घुसल्याच, इंजिनिअरचं खोटं नव्हतं. मी कपाटातून शिट्टी काढली. पहिल्याच सकाळी एकाला अडवलं, तर निघाला माझाच जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप. मान खाली घालून त्यानं गाडी वळवली. महिनाभर मी तिथं उभी राहिले. आता बरेच जण माझ्या धाकानं चौकातूनच जातात.

पण मनातलं काही जाईना. एका दुपारी मी मोजणीचे जुने कागद काढून बसले. 'इतर'च्या रकान्यात बंडी आठवली, घोडी आठवली, हातगाडी आठवली. आणि तिन्ही दिवशी त्याचं दुकान उघडायच्या वेळी, सकाळी नऊच्या चौकटीत एक रेघ, बंद व्हायच्या वेळी, संध्याकाळी सातच्या चौकटीत एक. माझ्याच हातची. म्हणजे मी त्याला पाहिलं होतं. पाहून, घोडीच्या आणि हातगाडीच्या रांगेत टाकून मोकळी झाले होते. फार रडू आलं मला, खोटं कशाला सांगू.

मधल्या काळात, दसऱ्याला तो अल्लीपूरला गेला होता, पण भावाला सोनं देऊन संध्याकाळी परत आला. दुकान काही त्यानं सोडलं नाही.

दिवाळीनंतर दुसरी मोजणी लागली. कागद हातात आल्याबरोबर मी पट्टीनं पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं: हातानं चालवायची तीनचाकी.

इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, एका माणसासाठी अख्खा रकाना?"

"हो," मी म्हटलं.

नऊच्या सुमाराला तो खांबांमधून आला, तीनचाकी माझ्या खुर्चीपाशी थांबवली आणि विचारलं, "मांडलं का मले?"

मी कागद त्याच्याकडं फिरवला. त्यानं काळे हात पँटला पुसले, कागद हातात घेतला आणि रकाना डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"रेघ जराशी वाकडी हाय," तो म्हणाला, आणि शटर उघडायला गेला.