सोड म्हणेपर्यंत

अंबूअक्कांनी कुठल्याही पोराला ‘दुखणार नाही’ असं सांगितल्याचं मला आठवत नाही. कुंभकोणमच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी तपासणीसाठी रक्त काढत असे आणि अक्का पोरांना धरत. नेमणूक आयाची होती, पण पोर धरावं तर त्यांनीच. पोराला मांडीवर घ्यायच्या, त्याचा मोकळा हात आपल्या मुठीत घ्यायच्या आणि तमिळमध्ये सांगायच्या, “वलिक्कुम, कण्णू. दुखेल, बाळा. मी हात सोडणार नाही.”

पोर किंचाळे, लाथा झाडी. अक्कांच्या सुती नऊवारीवर कितीदा तरी ओकारी झाली असेल. त्या म्हणत, “रड, रड. रडण्याला जकात नाही.” सुई निघे, कापूस लागे, वर चिकटपट्टी बसे, तरी मूठ तशीच. पोरानं स्वतः ‘विडु’, म्हणजे ‘सोड’, म्हटल्याखेरीज त्या हात सोडत नसत. बाहेर रांग दारापर्यंत आलेली असायची. मी चिडून म्हणे, “अक्का, झालं की आता.”

“तुझे झाले,” त्या म्हणत. “तेचे व्हायचे आहे.”

मी सोलापूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे जवळच्या आडुतुरैला आले आणि या दवाखान्यात लागले. पहिल्याच दिवशी पाठीमागून कुणीतरी मराठीत विचारलं, “कोण्या गावची ग तू?” मी दचकले. अक्कांचं घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं, ते इथलंच झालेलं. त्यांची मराठी ऐकून मला हसू येई. “तुमची मराठी पोथीतली, अक्का.” “आणि तुझी वर्तमानपत्रातली,” त्या म्हणत. “वाचली की वडे बांधायची.”

त्या खोलीत मराठी आम्हा दोघींनाच येत होती. मग तसा रिवाजच पडला. पोर आत आलं की अक्का त्याच्या डोक्यावरून मला मराठीत विचारत, “आज सुई?” मी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणे. त्या तेच तमिळमध्ये पोराला सांगत. तेवढ्याच शब्दावर पोरं त्यांच्या मांडीवर चढत. मला मात्र ती ‘ऊसी मामी’ म्हणत, सुईवाली मामी. रस्त्यात दिसले तरी आईच्या पदराआड जात.

कयल पापनाशमहून येई. पाच-सहा वर्षांची होती, मूत्रपिंडाचं दुखणं. दर काही आठवड्यांनी चेहरा सुजे, डोळे बारीक होत. कधी नुसती लघवी तपासायची असे, कधी रक्तही. सुजेमुळे शीर सापडत नसे, दोनदा-तीनदा टोचावं लागे. पोरगी हुशार. आम्ही बोलायला लागलो की ती आमच्या ओठांकडे बघत बसे. एकदा अक्कांनी विचारायच्या आधी तिनंच मला मराठीत विचारलं, “आज सुई?”

अक्का इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. “पाहा, हिला उमगले. मोठी माणसे तिच्याशी तमिळ बोलतात आणि खरे मराठीत बोलतात.”

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहिते.

दिवाळीच्या आधीचा दिवस होता. गर्दी फार. तंजावरच्या प्रयोगशाळेत नमुने नेणारा माणूस बाहेर गाडी चालू ठेवून उभा. कयल दारात थांबली, आत येईना. अक्कांनी विचारलं, “आज सुई?” कयलनंही मान वर केली. डॉक्टरांनी रक्त सांगितलेलं मला ठाऊक होतं. मी म्हणाले, “नाही. आज नुसतं वजन.”

घाई होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. घाई होतीच. पण तेवढंच नव्हतं. एकदा तरी त्या पोरीनं माझ्याकडे बघून हसावं, असं मला वाटलं होतं. आणि ती हसली. पुढचा एक दात पडलेला होता.

“ऊसी इल्लै,” अक्का म्हणाल्या. सुई नाही. कयल उडी मारून त्यांच्या मांडीवर बसली. मी मागून सुई आणली. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीतच म्हणाले, “डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं.” हे दुसरं खोटं. त्यांनी हात धरला. कयल रडली नाही. शीर लगेच सापडली, काम चटकन झालं. कापूस लावल्यावर अक्का मूठ धरून बसून राहिल्या. कयल ‘सोड’ म्हणाली नाही. तिनं हात हिसकावून घेतला.

पुढे कयल आली नाही. बऱ्याच दिवसांनी तिची आई एकटी आली. ‘सुई नाही म्हणाले आणि टोचली’ असं म्हणत, कुंभकोणमची बस म्हटली की पोरगी खाटेखाली शिरायची, म्हणाली. पोटात दुखत होतं तेही तिनं सांगितलं नाही. सांगितलं की सुई. ताप चढला, पोट फुगलं, तेव्हा कळलं. तंजावरला नेलं, पण आत जंतू पसरले होते. उशीर झाला, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

आमचे डॉक्टर खोलीत उभे होते. त्यांनी विचारलं, “सुई नाही असं पोरीला कोणी सांगितलं होतं?”

“पाट्टीनं,” आई म्हणाली. रागानं नाही. पाट्टी म्हणजे आजी. सगळी पोरं अक्कांना तेच म्हणत.

अक्का म्हणाल्या, “होय. मीच सांगितले.”

मी नळ्यांवर नावं चिकटवत होते. चिकटवत राहिले.

त्या दिवसापासून अक्कांनी पोरांना काही सांगणं बंद केलं. धरायच्या, पण ‘दुखेल’ नाही, ‘रड’ नाही. मला ‘आज सुई?’ विचारणंही थांबलं. त्या खोलीतली मराठीच संपली. काही महिन्यांनी, गुडघे चालत नाहीत म्हणून त्यांनी काम सोडलं. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

पण त्यानंतर दारात पोर थांबलं की मला तो प्रश्न ऐकू येतो. मराठीत, तमिळ वळणाचा, पडलेल्या दातातून निसटणारा. आताही येतो.

मागच्या मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, अक्कांच्या सुनेचा निरोप आला. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घरी येऊन रक्त न्याल का? मी गेले. दारातली रांगोळी अजून ओली होती. अक्का अगदी लहान झाल्या होत्या, पांघरुणाखाली पोर निजावं तशा. मला ओळखलं. “वर्तमानपत्र आले,” म्हणाल्या.

मी त्यांची बाही वर केली. त्यांनी विचारलं, “दुखेल?”

“दुखेल, अक्का.”

त्यांनी दुसरा हात पुढे केला. मी तो धरला आणि एका हातानं शीर शोधली. पूर्वी हे काम दोघींचं असे. नळी भरत असताना मी बोलले. कयलचं रक्त काढायचंय हे मला आधीच ठाऊक होतं, तुम्हाला मी खोटं सांगितलं, आणि त्या दिवशी डॉक्टरांपुढे गप्प राहिले. सगळं मराठीत. सून दारात उभी होती, ती तमिळ घरातली. तिला कळलं नाही.

अक्का छताकडे बघत होत्या. मी सुई काढली, कापूस लावला, पट्टी चिकटवली. रागावतील, रडतील, ‘जाऊ दे ग’ म्हणतील, असं काहीबाही मनात येत होतं. त्यांचा दुसरा हात माझ्या मुठीत होता. मी तो घट्ट धरून बसले. त्यांच्याकडूनच शिकले होते, समोरचं माणूस म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

फार वेळानं त्यांनी मान वळवली.

“सोड,” त्या म्हणाल्या.