चेलोच्या रेकॉर्डिंगमध्ये बाप बोलला

करोनाच्या पहिल्या वर्षी मी हॉलंडमध्ये आल्मेरेला मुलाकडे आले आणि विमानं बंद झाली म्हणून तिथेच राहिले. चौथी शिकलेल्या बाईला तिथे बोलायला तीनच माणसं: मुलगा, सून आणि नात. नात शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चेलो वाजवायची. चेलो म्हणजे खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचं मोठं व्हायोलिन. मला त्याचा आवाज आवडला नाही. म्हैस अडल्यासारखा वाटला. तसं मी तिला सांगितलं. ती हसली आणि वाजवत राहिली.

तिला ग्रोनिंगनच्या संगीत कॉलेजात जायचं होतं. तेच शिकायचं, त्यावरच पोट भरायचं. मुलगा आयटीतला, त्याला हे पटेना.

"सगळे हॉल बंद आहेत. वाजवणारे घरी बसलेत," तो म्हणायचा. "आधी इंजिनिअरिंग कर."

"तू पण घरीच बसलायस, बाबा."

"मला पगार येतो."

मला विचारलं असतं तर मी मुलाच्या बाजूने बोलले असते. कुणी विचारलं नाही. शेवटी सुनेनेच तोडगा काढला. कॉलेजने घेतलं तर जायचं, नाही घेतलं तर इंजिनिअरिंग, आणि मग कुरकुर नको.

कॉलेजही बंद होतं, म्हणून परीक्षा घरूनच. वाजवून व्हिडिओ पाठवायचा. सलग वाजवलेला, मध्ये कापाकापी चालणार नव्हती. पाठवायच्या शेवटच्या दिवशी सुनेने फ्रीजसुद्धा बंद केला, गुरगुरतो म्हणून. मुलगा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता.

"मी म्यूटवर आहे असं समज," तो म्हणाला.

दुपारभर तिचं बिनसत होतं. मग एकदा लागलं. माझा मटार सोलणारा हात थांबला. एका संथ जागी तिने सूर लांबवला, लांबवला आणि अलगद खाली आणला. तेवढ्यात कोपऱ्यातून मुलगा मोठ्याने म्हणाला, "वा!"

लहानपणी त्याचे वडील त्याला गाण्याच्या बैठकांना घेऊन जायचे. तिथे दाद दिली नाही तर माणूस झोपलाय असं समजतात. इकडे मात्र वाजवणं संपेपर्यंत खोकायचीही चोरी. नात थांबली नाही. शेवटपर्यंत वाजवलं, मग गज खाली ठेवला.

"बाबा! यू वेअर ऑन म्यूट!"

"निघून गेलं गं तोंडातून." त्याचा चेहरा उतरला. "थांब, तेवढा आवाज काढून टाकतो. सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे."

"नाही. एडिट केलेलं चालत नाही."

"मग परत वाजव. मी बाहेर जातो."

तो खरंच बाहेर, पावसात जाऊन उभा राहिला. तिने पुन्हा वाजवलं, आणखी एकदा वाजवलं. चुकलं काही नाही, पण तसं झालं नाही. नात रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "बाप बोलला तेच पाठव. कौतुकासाठी त्याचं तोंड उगाच उघडत नाही. माझ्या हातचं जेवून कधी बोललेला नाही."

तिने तेच पाठवलं.

पुढे कॉलेजच्या बाईंनी कॉम्प्युटरवरून तिची मुलाखत घेतली. ती संपल्यावर मुलाने विचारलं, "माझ्याबद्दल विचारलं का गं?"

"हो. कोण बोललं म्हणाल्या. मी सांगितलं, माझे बाबा. मी इथे येऊ नये असं त्यांना वाटतं."

"असं सांगितलंस?"

"खरंच आहे ना ते?"

उत्तर आलं ते अर्धवट. कॉलेजात लगेच प्रवेश नाही. वर्षभर तिथेच पूर्वतयारीच्या वर्गात शिकायचं, मग पुन्हा परीक्षा. सुनेने पानं वाढली. ठरल्याप्रमाणे मुलगा नाही म्हणू शकला असता, आणि नातही तेच धरून बसली होती.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला. मग म्हणाला, "ग्रोनिंगनला खोल्या मिळत नाहीत म्हणतात. आत्तापासून बघायला लागेल. आणि भिंती जाड हव्यात, नाहीतर शेजारी तक्रार करतील."

नात टेबल ओलांडून त्याच्या गळ्यात पडली. आमटी सांडली.

चेलोवर तिचं पोट भरेल का, हे मला आजही सांगता येत नाही. मुलालाही येत नाही. खोली मिळाल्यावर मुलगा आणि सून तिला पोचवायला गाडीने निघाले. मागच्या सीटवर नातीशेजारी चेलो ठेवल्यावर माझ्यासाठी जागा उरली नाही, म्हणून मी घरी राहिले.